खोलीतला श्वास

मला त्याचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी त्याच्याबद्दल जे काही बोलेन त्यातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही सोलापुरात एकाच रसायनशास्त्र विभागात, शेजारशेजारच्या खोल्यांत, चौदा वर्षं काढली. त्यातली तेरा वर्षं माझ्या पोटात दुखत होतं. पहिलं वर्ष सोडतो, कारण तेव्हा मला तो वेडा वाटायचा आणि वेड्याचा कुणी हेवा करत नाही.

विभागात त्याला नावानं फार कमी लोक हाक मारायचे. शिपायापासून पोरांपर्यंत सगळे 'श्वासवाले सर' म्हणायचे. त्याच्या खोलीच्या दारावर त्यानं स्वतःच्या हातानं एक पुठ्ठा लिहून अडकवला होता: 'आत श्वास घेऊ नये.' पाहुणे आले की हसायचे. तो हसायचा नाही. दार उघडायच्या आधी तो स्वतः छाती भरून हवा घ्यायचा, तोंड मिटायचा, आत जाऊन यंत्राचं झाकण उघडायचा, जे काय लावायचं ते लावायचा, झाकण बंद करायचा आणि बाहेर व्हरांड्यात येऊन भुस्सकन श्वास सोडायचा. मनातल्या मनात कानडीत मोजायचा, ओंदु, एरडु, मूरु. कधी कधी ओठ हलायचे. अक्कलकोटच्या पलीकडचं गाव त्याचं, घरात वडलांशी कानडी आणि आईशी मराठी. आकडे मात्र कानडीतच यायचे.

हे सोंग नव्हतं, हे मला कबूल करावं लागतं. त्याचं काम होतं धातूच्या पत्र्यावर क्षणभर बसणाऱ्या रेणूंना पकडायचं. मुंगी चावल्यावर जे आग करतं ते आम्ल पाण्यात घ्यायचं, त्यात प्लॅटिनमचा इलेक्ट्रोड, आणि एकदम विजेचा दाब बदलायचा. आम्लाचा रेणू धातूवर येऊन बसतो, मोडतो, आणि त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात. बसला कधी, कसा बसला, मधल्या मधे काय रूप घेतलं, हे बघायला खालून इन्फ्रारेड किरण सोडायचे. प्रत्येक रेणू आपापल्या आकड्याला ते किरण शोषतो आणि कागदावर त्याचा उंचवटा येतो. अडचण एवढीच, की आपल्या नाकातून जे बाहेर पडतं तेही कार्बन डायऑक्साइडच. तुम्ही झाकणाजवळ उसासा टाकला तरी उंचवटा येतो, आणि रेणूचा कुठला आणि तुमचा कुठला ते कळेनासं होतं.

म्हणून श्वास. एकदा तपासणीला समिती आली होती. विभागप्रमुख मॅडम त्यांना घेऊन त्याच्या दारात आल्या, तर ह्यानं चौघांना व्हरांड्यातच थांबवलं. मॅडमचा चेहरा पडला. समितीतले एक जाडजूड गृहस्थ मात्र त्याला न जुमानता आत शिरले. पाचेक मिनिटांनी ह्यानं पडद्यावरचा एक सुळका त्यांना दाखवला आणि म्हणाला, "ह्यो तुमी हाय सर. जिना चढून आलात, धाप लागलीया, म्हणून एवढा उंच." मग मागं उभ्या असलेल्या माझ्याकडं वळून, "आणि आमच्या सरांचा बसका असतोय. हळू सोडत्यात श्वास. मला बघितल्याबरोबर कळतंय."

समिती खूश. मला माझ्याही खोलीत त्यांना न्यायचं होतं, मी तक्ते रंगवून ठेवले होते, पण वेळ संपला. श्वासावरून माणूस ओळखतो म्हणे. मी त्या दिवशी घरी येऊन बायकोला म्हणालो, हा माणूस नाकानं कांदे सोलतो. ती म्हणाली, "भावजी निदान काहीतरी सोलतात तरी."

आता माझं काम सांगतो, म्हणजे तिचं बोलणं मला कुठं लागलं ते कळेल. मी गंजावर काम करतो. लोखंडाचा तुकडा आम्लात बुडवायचा आणि आम्लात कसल्यातरी पाल्याचा अर्क घालायचा, की गंज कमी होतो. कडुनिंब झाला, शेवगा झाला, डाळिंबाची सालं झाली. पाला बदलला की नवा पेपर. तो एकदा माझ्या पेपरांचा गठ्ठा बघून अगदी मनापासून म्हणाला होता, "सर, तुमची बाग लई मोठी हाय." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी परत केला असता.

त्याच्या नावावर चौदा वर्षांत मोजून सहा पेपर. पण बाहेरगावचं कुणी आलं की आधी त्याची चौकशी करायचं.

एकच गोष्ट शेकडो वेळा तशीच्या तशी करायची ताकद त्याच्यात होती, आणि ती माझ्यात नाही. यंत्रात एक आरसा असतो. इतक्या झटपट होणाऱ्या क्रियेचं चित्र एका दमात मिळत नाही, म्हणून आरसा एका जागी थांबवायचा आणि क्रिया घडवायची. मग आरसा केसभर पुढं सरकवायचा आणि पुन्हा तीच क्रिया, अगदी तशीच. असे शेकडो तुकडे जोडले की एक चित्र. मधे एकदा जरी काही वेगळं घडलं, खाली रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, कुणी दार आपटलं, की सगळं पाण्यात. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. चिडायचा नाही. "न्हाय जमलं," एवढंच. चपला बाहेर काढून अनवाणी वावरायचा. यंत्र चालू असेल त्या दिवशी लसणीची शेंगाचटणी खायचा नाही. मी म्हणालो, लसणाचा आणि तुझ्या उंचवट्याचा काय संबंध? तर म्हणे, "काय संबंध न्हाय सर. मला म्हाईत हाय. पण मन धजत न्हाय."

सगळं जग उन्हाळ्याच्या सुट्टीत पळतं. तो एप्रिल-मेची वाट बघायचा. आपल्याकडचा उन्हाळा म्हणजे काय ते सोलापूरकराला सांगायला नको. दुपारी बारानंतर कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. हवा कोरडीठाक. आणि तीच त्याला हवी असायची, कारण हवेतल्या वाफेचेही उंचवटे येतात आणि त्याच्या रेणूला झाकतात. "सर, मुंबईवाल्यांकडं मोठी यंत्रं हायती, पण आपला उन्हाळा कुठनं आणतील?" असं म्हणून हा माणूस खरोखर समाधानानं हसायचा. कपाळावरून घाम ओघळतोय, पंखा बंद, कारण पंख्यानं हवा हलते. ज्या उन्हाला मी जन्मभर शिव्या घातल्या, त्या उन्हाचा ह्याला उपयोग होता. ह्याचासुद्धा मला राग यायचा. आता हसू येतं, पण यायचा.

चार वाजता तो माझ्या खोलीत चहाला यायचा. वर्षानुवर्षं. गप्पा मारायचा नाही. तुम्ही कसे, घरी कसे, हे त्याला जमायचंच नाही. बसायचा, कप खाली ठेवायचा, "येतो सर" म्हणून उठायचा. मी दोन वर्षं आधी लागलेला, म्हणून मी सर आणि तो तू.

आता रिंगेची गोष्ट. खरं तर मला एवढीच गोष्ट सांगायची आहे.

विभागाचं बारीकसारीक सामान माझ्या कपाटात असतं. काचेचे तुकडे, नळ्या, रबरी रिंगा. सगळ्या खोल्यांच्या जादा किल्ल्याही माझ्याकडंच. त्याच्या इलेक्ट्रोडच्या भांड्याला खाली एक काळी रिंग लागते, गळती थांबवायला. ती एका विशिष्ट रबराची लागते, ज्याचं आम्लात काही विरघळत नाही. त्याची जुनी रिंग चिरली, तो मागायला आला, मी डबीतून एक काढून दिली. डबीवर माझ्याच अक्षरात नाव होतं. तो म्हणाला, "हीच न्हवं सर?" मी म्हणालो, "अरे, लिहिलंय ना वर."

त्यानंतर दोन महिन्यांनी त्याला त्याचा नवा रेणू सापडला.

म्हणजे दाब बदलल्यावर पहिल्या काही हजारांश सेकंदांत, आजवर कुणाला न दिसलेला एक छोटा उंचवटा यायचा आणि लगेच नाहीसा व्हायचा. त्यानं तो पंचवीस वेळा पुन्हा मिळवला. दर वेळी तिथंच. आम्लाच्या रेणूचं मोडण्याआधीचं एक नवं रूप, असं त्याचं म्हणणं. बंगळुरूच्या एका मोठ्या परिषदेनं त्याला व्याख्यानाला बोलावलं. नेमकी त्याच सुमाराला आमच्या विभागात प्रोफेसरची एक जागा निघाली होती. एकच. अर्ज दोघांचेच. मुलाखत परिषदेनंतर पंधरा दिवसांनी. मॅडम मला जिन्यात भेटल्या तेव्हा मोठ्या मायेनं म्हणाल्या, "तुमचीही वेळ येईल हो." म्हणजे जागा गेलीच.

त्या आठवड्यात मला माझ्या कामाला एक रिंग हवी होती. मी तीच डबी उघडली. रिंग बोटात घेतली तर मऊ लागली. पाहिजे तितकी ताठ नव्हती. मला शंका आली. काडी पेटवून तिची कड जाळली. पांढरी राख पडली. सिलिकॉनची रिंग पांढरी राख टाकते, हे आम्ही पोरांना पहिल्या वर्षाला शिकवतो. दोन्ही रबरांच्या रिंगा काळ्याच असतात. कधीतरी एक डबी संपल्यावर मी दुसरीतल्या रिंगा तिच्यात ओतल्या होत्या आणि चिठ्ठी बदलली नव्हती. आणि सिलिकॉनचं तेल पाण्यात झिरपून धातूवर बसलं तर त्याचा उंचवटा कुठं येतो, हेही मला पाठ होतं. आलेखावर बाराशे साठच्या आकड्याच्या आसपास. त्याचा नवा रेणू तिथंच होता.

खात्री करायला मी दुसऱ्या दिवशी दुपारी, तो जेवायला गेल्यावर, किल्लीनं त्याची खोली उघडली. यंत्र चालूच होतं, आतली हवा हाकलायला नायट्रोजन सोडलेला. मी झाकण उघडून भांड्याच्या कडेला डोकावणारी रिंग नखानं दाबली. मऊ. तीच.

झाकण लावलं, दार लावलं आणि माझ्या खोलीत येऊन बसलो. मला काय वाटलं ते सरळ सांगतो. मला आनंद झाला. खूप दिवसांनी चांगलं जेवण झाल्यावर वाटतं तसं वाटलं. बंगळुरूला दोनशे जाणकार बसलेले असतील, त्यातला कुणीतरी पहिल्याच प्रश्नात विचारेल, "तुमची रिंग कसली आहे?", आणि श्वासवाले सर सगळ्यांसमोर उघडे पडतील. मला काही करायचंच नव्हतं. फक्त तोंडात मूग गिळून बसायचं होतं, आणि ते मला चांगलं जमतं.

पुढचे काही दिवस तो चहाला येत राहिला. पण जरा वेगळा वागायचा. लवकर उठायचा नाही. कप ठेवायचा आणि म्हणायचा, "आणि काय सर?" मी म्हणायचो, काही नाही. तो जरा वेळ थांबायचा. कधी मी पेपर चाळायला लागायचो तरी बसून असायचा. एक दिवस गावाकडनं कडक भाकऱ्या आणल्या होत्या त्या दिल्या. "वहिनींना द्या. आणि काय सर?" मी म्हणालो, "मजेत." मला वाटलं, व्याख्यानाची भीती बसली बिचाऱ्याला, सोबत हवी आहे. हेही मनातून गोड वाटलं.

बंगळुरूला जायच्या आधी त्यानं विभागात तेच व्याख्यान करून दाखवायचं ठरवलं. मी मागच्या बाकावर बसलो. पहिलं चित्र त्याच्या नव्या उंचवट्याचं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसरं चित्र एका काळ्या रिंगेचं, जळलेल्या कडेवर पांढरी राख.

"ह्यो उंचवटा रेणूचा न्हाय," तो म्हणाला. "रिंगेचा हाय. मी रिंग तपासायला पायजे होती, तपासली न्हाय. परिषदेला मी काल कळवलंय, माझं व्याख्यान काढून टाका म्हणून." मग तिसरं चित्र, आभाराचं. त्यात एकच नाव होतं, माझं. "सरांच्यामुळं कळलं," तो म्हणाला आणि त्यानं दिवे लावले. सगळी माझ्याकडं वळून बघायला लागली. मला वाटलं, रिंग मी दिली होती म्हणून म्हणतोय, गाढव आहे, उपहासही धड करता येत नाही. मी मागच्या दारानं माझ्या खोलीत निघून आलो.

जागा मला मिळाली. मॅडमनं पेढे मागवले. त्यानं दोन खाल्ले, त्या दिवशी यंत्र बंद होतं. सहा महिन्यांनी त्याला बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेनं बोलावून घेतलं. परिषदेतल्या कुणीतरी म्हणे विचारलं होतं, स्वतःहून व्याख्यान काढून घेणारा हा माणूस कोण? तो गेला. म्हणजे त्याही गोष्टीचा मला हेवाच करायचा होता. जाताना पुठ्ठा दारावरच ठेवून गेला, आणि सतरा वह्या माझ्या कपाटात. "लागल्या तर बघा सर."

दीड वर्ष मी त्यांना हात लावला नाही. मागच्या महिन्यात माझ्या विद्यार्थिनीनं त्याच यंत्रावर काम सुरू केलं आणि तिचा सोन्याचा थर काही टिकेना. किरण ज्यातून खालून येतात त्या सिलिकनच्या स्फटिकावर (हे रिंगेचं रबर नव्हे) प्लॅटिनमच्या आधी सोन्याचा पातळ थर चढवावा लागतो, तो दर वेळी सालीसारखा सुटून यायचा. ती रडकुंडीला आली. मी म्हणालो, थांब, त्याच्या वहीत कृती असेल.

कृती चौदाव्या वहीत होती. साठ अंश, आणि मोजायचं कानडीत नव्वदपर्यंत, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. पुढचं पान उलटलं आणि ती तारीख दिसली. त्याचं अक्षर बारीक, बोलतो तसंच लिहायचा.

'दुपारी १.४२. झाकण उघडलं. कार्बन डायऑक्साइड वर, वाफ वर. सहा मिनिटं. मी जेवायला. दुसरी किल्ली सरांकडं.' खाली एक छोटा आलेख चिकटवलेला. बसका, रुंद उंचवटा. त्याच्या शेजारी, 'सरांचाच श्वास. सर काय बघायला आले असतील?'

त्याच संध्याकाळची नोंद: 'सगळं एक एक काढून बघितलं. रिंग मऊ. जाळली. पांढरी राख. सरांना कळलंय. सांगतील. थांबू.'

दुसऱ्या दिवशी प्रयोगाची काही नोंद नव्हती. फक्त 'चहा. आज न्हाय.'

तिसऱ्या दिवशी 'आज न्हाय.' चौथ्या दिवशी 'भाकरी दिली. आज न्हाय.' पाचव्या, सहाव्या, सातव्या दिवशी तेच. मी पानं उलटत गेलो आणि माझ्या प्रत्येक 'मजेत'ला एकेक तारीख पडलेली सापडत गेली. आठव्या दिवशीही 'आज न्हाय.' नवव्या दिवशी दोन ओळी होत्या. 'सरांना जड जातंय. उद्या आपणच सांगून मोकळं व्हावं, म्हणजे त्यांनापण सुटल्यागत वाटंल.'

मी वही मिटली. विद्यार्थिनी दारात उभी होती, तिला कृती सांगितली, साठ अंश, नव्वदपर्यंत. ती गेली. मी बराच वेळ त्या प्रोफेसरच्या खुर्चीत बसून होतो. चौदा वर्षं मी त्याच्या पेपरांवर जळलो, त्याच्या यंत्रावर जळलो, बायकोनं त्याला भावजी म्हटलं तरी जळलो. पण त्या आठ दिवसांत त्याच्याकडं जे होतं ते मला कधी दिसलंच नव्हतं, आणि त्याच्यावर जळायची माझी लायकीसुद्धा नव्हती. तरी जळलो. खोटं कशाला बोलू?

मग फोन लावला. संध्याकाळचे चार वाजले होते.

"काय वो सर," तो म्हणाला. "सोन्याचा थर सुटाय लागला काय?"

"सुटत होता. आता टिकेल. तुझी वही बघितली."

"बरं झालं की."

"चौदावी," मी म्हणालो.

पलीकडं खुर्ची करकरली.

"ती रिंग," मी म्हणालो. "मला तुझ्या आधी कळलं होतं. मी सांगितलं नाही. तुझी फजिती व्हावी म्हणून सांगितलं नाही."

पलीकडून काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग ध्यानात आलं, जुनी सवय, श्वास धरून बसला असेल. मी कानाला फोन लावून तसाच थांबलो. शेवटी त्यानं तो भुस्सकन सोडला.

"थांबा हां सर," तो म्हणाला, "वही घेतो." खण ओढल्याचा आवाज आला, पानं उलटल्याचा आला. "हं. आज तारीख किती?"

मी तारीख सांगितली.